व्हिसामाफी आणि प्रवाशाचा हक्कत्याग

परकीय देशात व्हिसावाचून जाता येते असे म्हटले की, ती त्या देशाने प्रवाशास दिलेली निव्वळ सवलत आहे अशी आपली सहज समजूत होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा या विषयावरील कायदा मुळातून वाचला असता ही समजूत अर्धीच खरी ठरते. तेथील योजनेचे नाव ‘व्हिसा वेव्हर’ असे आहे. ‘वेव्हर’ म्हणजे आपला हक्क आपण होऊन सोडणे. शासन व्हिसा मागण्याचा हक्क सोडते हे नावावरूनच उघड होते. परंतु त्याच कलमान्वये प्रवाशासही काही हक्क सोडावे लागतात, आणि ही दुसरी बाजू बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचाच विचार करावयाचा आहे.

योजनेचा उगम 1986 च्या स्थलांतरविषयक कायद्यात आहे. बेकायदा स्थलांतरास आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्याच्या पोटातच ही सवलत जन्मास यावी, ही गोष्ट मोठी सूचक आहे. 1988 च्या जुलैमध्ये ब्रिटन व डिसेंबरात जपान हे देश तीत प्रथम आले. आरंभी प्रायोगिक असलेली ही योजना 2000 साली कायम झाली. आज तीत 42 देश असून भारत त्यांत नाही. समावेशाची प्रमुख कसोटी अशी की, त्या देशाच्या नागरिकांनी पर्यटनादी अल्पकालीन भेटीसाठी केलेल्या व्हिसा-अर्जांपैकी नाकारलेल्या अर्जांचे प्रमाण शेकडा तीनहून कमी असावे. शिवाय त्या देशाने अमेरिकन नागरिकांसही तशीच मुभा द्यावी. दिलेला दर्जा काढूनही घेतला जातो. अर्जेंटिनाचा 2002 मध्ये व उरुग्वेचा 2003 मध्ये तो गेला. रुमानियास 2025 च्या जानेवारीत समावेश जाहीर होऊन मे महिन्यात तो रद्दही झाला. येथे व्यक्तीची विश्वासार्हता तिच्या देशबांधवांच्या अर्जांवरून ठरते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच मराठी घरातील दोन भावांपैकी लंडनमध्ये राहून ब्रिटिश नागरिक झालेल्यास ही वाट मोकळी असते, तर भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्यास व्हिसा घ्यावाच लागतो.

तथापि 2015 च्या दुरुस्तीने या सामूहिक विश्वासासही अपवाद जोडले. 1 मार्च 2011 नंतर इराण, इराक, सीरिया वा सुदान येथे जाऊन आलेल्यास, अथवा या देशांचे नागरिकत्वही असणाऱ्यास, सामान्यतः व्हिसामाफी मिळत नाही. पुढे ही यादी वाढत गेली. अशा व्यक्तीस प्रवेश निषिद्ध होतो असे नव्हे. तिला व्हिसाच्या रांगेत परत जावे लागते, इतकेच.

प्रत्यक्ष नियम थोडक्यात असे. पर्यटन अथवा व्यापारविषयक भेट एवढ्याच कारणासाठी जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. ही मुदत वाढवून मिळत नाही. तेथे गेल्यावर दर्जा बदलून विद्यार्थी किंवा नोकरदार होता येत नाही. मध्यंतरी कॅनडात वा मेक्सिकोत जाऊन आल्याने दिवसांची मोजणी सामान्यतः नव्याने सुरू होत नाही. 2009 च्या जानेवारीपासून प्रवासापूर्वी ‘एस्टा’ नावाची इलेक्ट्रॉनिक परवानगी घेणे सक्तीचे झाले आहे. ती बहुधा दोन वर्षे चालते. परंतु ती प्रवेशाची हमी नव्हे. प्रवेशाचा निर्णय बंदरावरील वा विमानतळावरील अधिकारीच करतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कायद्याच्या 217 व्या कलमानुसार या योजनेखाली येणारा प्रवासी दोन हक्क सोडतो: प्रवेशास तो पात्र आहे की नाही याविषयी अधिकाऱ्याने दिलेल्या निर्णयाच्या फेरतपासणीचा वा त्यावरील अपिलाचा, आणि देशाबाहेर काढण्याच्या कारवाईस विरोध करण्याचा. राजकीय वा तत्सम छळाच्या भीतीने आश्रय मागण्याचा मार्ग तेवढा खुला राहतो. विमानतळावर व्हिसाधारकाची स्थिती फार निराळी आहे असे मात्र समजू नये. लबाडी अथवा कागदपत्रांचा अभाव आढळल्यास त्यासही 1996 च्या कायद्याने तडकाफडकी परत पाठविता येते. खरा भेद प्रवेशानंतर दिसतो. मुदत उलटल्यावर व्हिसाधारकास सामान्यतः स्थलांतर न्यायाधीशापुढे सुनावणी मिळते. व्हिसामाफीवर आलेल्यास ती मिळत नाही.

हा त्याग समजून-उमजून केलेला असावा लागतो काय? शिकागो येथील सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने पूर्णपीठाच्या 2010 मधील निर्णयात या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. गिनी देशाचा एक नागरिक चोरीच्या बेल्जियन पासपोर्टवर या योजनेखाली आला होता. हक्कत्यागाचा मजकूर इंग्रजीत होता आणि त्याची भाषा फ्रेंच होती. न्यायालयाने मान्य केले की, त्याग जाणीवपूर्वक व स्वेच्छेने केलेला असला पाहिजे. परंतु पुढे असे म्हटले की, त्यास मजकूर समजला असता तर त्याने एक तर सहीच केली असती किंवा सही नाकारून तेथूनच परतला असता. कोणत्याही पक्षी त्याला सुनावणी मिळाली नसती, म्हणून त्याचे नुकसान झाले नाही. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. तथापि ज्या अटीचा भंग केल्याने शासनास कधीच काही सोसावे लागत नाही, त्या अटीचे मोल काय, ही शंका प्रस्तुत लेखकास सुटलेली नाही.

एस्टा आल्यापासून हा त्याग संगणकावरील एका खुणेने होतो. अर्जाचा मजकूर अनेक भाषांत उपलब्ध असल्यामुळे भाषेची सबब आता पुष्कळशी दुबळी झाली आहे. मात्र वृद्ध आईबापांचा अर्ज मुलाने भरावा, किंवा तो प्रवासी संस्थेच्या कारकुनाने भरावा, हा नित्याचा प्रकार आहे. कायद्यानेही त्याची सोय केली आहे: दुसऱ्यासाठी अर्ज भरणाऱ्याने सर्व प्रश्न व निवेदने आपण अर्जदारास वाचून दाखविली आहेत, असे प्रमाणित करावयाचे असते. ते वाचन खरोखर झाले की नाही हे तपासण्याची कोणतीही तरतूद त्या अर्जात नाही.