खलियाच्या तर्रीत कॅरिबियन

कचेरीच्या, दवाखान्याच्या नाहीतर लग्नाच्या बस्त्याच्या निमित्ताने गंगापूरहून छत्रपती संभाजीनगरला आलेला माणूस भर दुपारी बुढीलेनकडे वळला, तर का वळला ते विचारावं लागत नाही. नान-खलिया! जाड, मऊ, पिवळसर तकाकीचं नान, वाडग्यात मटणाचा रस्सा आणि त्यावर लालभडक तर्री.

या पदार्थाचा इतिहास शहरात कुणीही एका दमात सांगेल. १३२७ साली मुहंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. फौज आली, लवाजमा आला. एवढ्या तोंडांना एका वेळी घालायचं काय? म्हणून मोठाल्या देगांत खलिया शिजला आणि जमिनीत खणलेल्या भट्ट्यांत नान भाजलं गेलं. दंतकथा झकास आहे आणि पटण्यासारखीही. अडचण एकच आहे, आणि ती वाडग्यात अगदी वरच तरंगतेय.

तुघलकाच्या फौजेतल्या एकाही शिपायाने जन्मात मिरची पाहिली नव्हती.

पाहणार कुठून? मिरची तेव्हा फक्त अमेरिका खंडात आणि त्याच्या पुढ्यातल्या कॅरिबियन बेटांवर होती. कोलंबस निघाला होता आपल्याकडचं काळं मिरं शोधायला आणि पोहोचला कॅरिबियन समुद्रात. १५ जानेवारी १४९३च्या रोजनिशीत त्याने हिस्पॅनिओला बेटावरच्या एका तिखट फळाची नोंद केली आहे. तिथले लोक त्याच्याशिवाय जेवत नाहीत आणि ते मिऱ्यापेक्षा सरस आहे, असं त्याचं म्हणणं. मिरं न सापडलेल्या माणसाने असं म्हणावं, यात थोडी सारवासारव असेलही. पण पुढे काय झालं पाहा! सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ते फळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलं, घाट चढलं आणि असं रुजलं, की गंगापूरच्या बाजारात मिरच्यांचा ढीग पाहून ही परदेशी पाहुणी आहे असं आज कुणाच्या मनातही येत नाही.

मग मिरचीआधीचा खलिया कसा असायचा? त्याचा एक पुरावा अकबराच्या मुदपाकखान्यात आहे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस खलियाचं चक्क साहित्यच देऊन ठेवलंय. दहा शेर मांसाला दोन शेर तूप, शिवाय कांदा, मिरी, लवंग, वेलदोडा, मीठ. मिरचीचं नाव नाही. एवढ्या तुपाचा तवंग तेव्हाही वर येत असणारच, पण तो सोनेरी असेल, लाल नव्हे.

लाल का होतो? मिरचीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तिचा तिखटपणाही तसाच, तेलाशीच त्याचं जमतं. म्हणजे तेल रस्स्यातून रंग आणि जाळ दोन्ही गोळा करतं आणि पाण्याहून हलकं असल्याने सगळा ऐवज घेऊन वर येऊन बसतं. जाळ हा शब्द इथे शब्दशः खरा आहे. आपल्या जिभेवरची जी यंत्रणा चटका बसल्याची वर्दी मेंदूला देते, तीच मिरचीने चेतवली जाते. म्हणजे तिखट ही चवच नव्हे, ती भाजल्याची खोटी खबर आहे! हे कोडं डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली उलगडलं आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता नान. ओल्या कणकेचा गोळा धगधगत्या भट्टीच्या उभ्या भिंतीवर थापतात आणि तो पडत नाही. नानवाला नान भिंतीवर गोवरी थापावी तसं थापतो (उपमेबद्दल खवय्यांनी माफ करावं), पण खरी गंमत त्यानंतर आहे. तापलेली भिंत लागताच पिठातला स्टार्च ओलाव्यासकट फुगतो आणि खळ बनतो. ही खळ नानाला धरून ठेवते. भिंतीकडची बाजू स्पर्शाने भाजते, समोरची बाजू निखाऱ्यांच्या झळीने. आतलं पाणी वाफ होऊन नान फुगवतं. जसजसं पाणी उडतं तसतशी खळ सुकते आणि भिंतीची पकड सुटते. नान जणू स्वतःच सांगतं, की झालं, काढा मला. उशीर केलात तर ते खाली राखेत.

पण नानाला पीठ लागतं, पिठाला दळण आणि एवढ्या वस्तीला पाणी. डोंगरांच्या वाटीत वसलेल्या या शहराला खाम नदी किती पुरणार? इथे या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण माणूस येतो.

१५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जातो. अरबस्तान, बगदाद असा हातोहात विकला जात तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचतो. तिथला वजीर चंगेजखान त्याला विकत घेतो. तो वजीरही मूळचा हबशीच. हा मुलगा म्हणजे मलिक अंबर. त्याने मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि १६१०मध्ये खडकी या खेड्याच्या जागी हे शहर वसवलं. त्याने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. त्याच काळात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पकडलेली माणसं कॅरिबियन बेटांकडे नेली जात होती, तिथे ती मळ्यांवर मरेपर्यंत राबली. पूर्वेकडे विकला गेलेला हा एक गुलाम मात्र शहराचा संस्थापक झाला. गुलामगिरी इकडेही गुलामगिरीच होती, पण दख्खनच्या फौजांत हबशाला वर चढायला जिना होता.

अंबरने डोंगराच्या पोटातलं झिरपणारं पाणी भूमिगत नहरींनी शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, फक्त बेताचा उतार. अशाच एका नहरीवर अठराव्या शतकात पाणचक्की फिरू लागली. मातीच्या नळांतून दूरवरून आलेलं पाणी आधी उंच चढवायचं आणि मग खाली पात्यांवर सोडायचं. पाणी वर चढतं कसं? बंद नळातलं पाणी आपल्या उगमाच्या उंचीपर्यंत परत जायला धडपडतं, बस्स! तिथे दळलेलं पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांना आणि वाटसरूंना मिळायचं. हे बाबासुद्धा बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. या शहरात मूळचं इथलं कोण, हे शोधायला निघालात तर खडकीचा खडकच तेवढा हाती लागेल.

आणि मिरचीला तिच्या बेटांवर इकडचं माणूस भेटलंच. १८४५पासून १९१७पर्यंत हिंदुस्थानातले, मुख्यतः बिहार आणि संयुक्त प्रांतातले, करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेले गेले. तिथल्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आज सकाळी सकाळी गाड्यांवर ‘डबल्स’ मिळतं. हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या (तिथे त्यांना ‘बारा’ म्हणतात), मध्ये छोले आणि वरून तिथल्या मिरचीची जहाल चटणी. शेकडो वर्षांपूर्वी ज्या दर्यातून मिरची निघाली, त्याच दर्यात आपली हळद जाऊन पोहोचली.

बुढीलेनला गेलात तर तर्री जपून मागा. नाकातोंडातून धूर निघायला लागलाच, तर घटाघटा पाणी पिऊ नका, तेलात बसलेला जाळ पाण्याने हलत नाही. नानाचा कोरडा तुकडा चावा, दही असेल तर उत्तम. मग चालत गुलमंडीला जा आणि गरम इमरती मागा.