भोपळा, मेण आणि फुंकर

पहिला पाऊस पडून गेला की कसारा, विहीगाव, डोळखांबच्या पाड्यांवर उकिरड्यात पडलेल्या आंब्याच्या कोयींना कोंब फुटतात. पोरे कोय उपटतात, वरचे कठीण कवच सोडवतात, आतल्या गराची एक बाजू दगडावर घासतात आणि तोंडात धरून फुंकतात. दोन दळांच्या फटीतून वारा गेला की त्यांच्या कडा थरथरतात आणि ‘पीं’ असा आवाज निघतो. हे कुणी शिकवत नाही. थोरली पोरे करतात, ते धाकटी बघतात. घरातले मोठेही चिडता चिडता एकदा ती पिपाणी तोंडाला लावून पाहतात.

चिनी वाद्यांवरच्या लेखाची सुरुवात कोयीच्या पिपाणीपासून करण्याला कारण आहे. परक्या देशाचे वाद्य कुटुंबांना दाखवायचे म्हणजे मंच, माइक, निवेदक आणि खाली गप्प बसलेली मुले, असा आपल्याकडचा रिवाज. त्यातून माहिती मिळते, ओळख होत नाही. ओळख व्हायची तर वाद्य हातात, ओठांवर आणि खेळात यावे लागते. आणि माझे ठाम मत आहे की, चिनी वाद्ये ऐकायला जो कान लागतो तो शहापूर-मुरबाडच्या घरांत आधीपासून तयार आहे.

सुओना घ्या. लाकडी नळी, खाली पितळी कर्णा, तोंडाशी दुहेरी पत्ती. आपल्या सनईचे आणि मोखाडा-जव्हारकडे बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात संबळासोबत वाजणाऱ्या पिपाणीचे हे सख्खे भावंड आहे. पश्चिम आणि मध्य आशियातल्या सुरनाईची एक शाखा आपल्याकडे रुजली, एक चीनमध्ये. तिथेही सुओना लग्नात वाजते, मर्तिकाला वाजते, उघड्यावर वाजते. चीनमध्ये तिच्यावर वाजवली जाणारी एक प्रसिद्ध लोकरचना आहे, शंभर पक्षी फिनिक्सला मुजरा करायला जमतात अशी. वादक एकामागून एक पक्ष्यांचे आवाज काढत जातो. मोबाइलवर ती लावावी आणि पाड्यावरच्या मुलांना नुसते विचारावे, यात आपल्याकडचा कोणता पक्षी ऐकू येतो? भारद्वाज, पावशा, होला ओळखणाऱ्या मुलांपुढे हा खेळ मांडला की आजोबाही वाद घालायला पुढे सरसावतात. ओळख झाली ती इथे.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचे आहे ते शंग या वाद्याबद्दल, कारण त्याची आणि आपली नाती दोन अंगांनी जुळतात.

पहिले अंग भोपळ्याचे. शंग म्हणजे एका वाटोळ्या हवापेटीत उभ्या खोचलेल्या बांबूच्या नळ्या. पारंपरिक शंगला १७ नळ्या असतात. हवापेटी मुळात सुक्या भोपळ्याची, पुढे लाकडाची आणि धातूची झाली. प्रत्येक वाजत्या नळीच्या बुडाशी धातूची एक बारीक जीभ असते. नळीवरचे भोक बोटाने बंद केले तरच ती जीभ बोलते, म्हणून एका वेळी अनेक नळ्या वाजवून सुरांचा गुच्छ उभा करता येतो. शिवाय श्वास सोडतानाही शंग वाजतो आणि घेतानाही. तो किती जुना आहे याचा पुरावा हूबेई प्रांतातल्या सुइचौ इथे १९७८ मध्ये उकरलेल्या थडग्यात मिळाला. झंग राज्याचा अधिपती यी याचे ते थडगे इ. स. पूर्व ४३३ च्या सुमाराचे. त्यात ६५ कांस्य घंटांचा प्रचंड संच होता आणि शंगही होते. आख्यायिका तर शंगचे श्रेय मातीतून माणूस घडवणाऱ्या न्यूवा देवीला देते.

आता कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळ्यावरून जव्हारकडे जा. भाताची कापणी झाली की वारल्यांच्या पाड्यांवर तारपा निघतो. सुका भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच जिभा, पुढे ताडपत्राचा लांब कर्णा आणि सगळे सांधे बंद करायला मधमाश्यांचे मेण. तारपकरी नाकाने श्वास ओढत असताना गालात साठवलेली हवा बाहेर सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची साखळी त्या सुरावर गुंडाळत आणि उलगडत जाते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी नव्वदी ओलांडेपर्यंत हा श्वास सांभाळला. २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा भोपळ्याच्या वाद्याचे नाव राज्यभर पोचले, याचा मला मनापासून आनंद झाला.

शंग आणि तारपा एकाच वंशाचे आहेत, असे मी म्हणणार नाही. तारप्याची जीभ नळीच्या कडेवर आपटून वाजते, पुंगीसारखी. शंगची जीभ आपल्या खाचेतून आरपार झुलते, कुठेही आपटत नाही. म्हणूनच दोन्ही आवाज शेजारी ठेवून ऐकण्यात मजा आहे. एक भरदार आणि घुमणारा, दुसरा पातळ आणि चकाकणारा. मात्र दोन्ही करणाऱ्यांच्या हाताला मेण लागतेच. चिनी कारागीर शंगची जीभ मेणाने चिकटवतो आणि तिच्यावर मेणाचा ठिपका कमी-जास्त करून सूर मिळवतो. आपल्या डोंगरांत मेणाचा आणखी एक उपयोग आहे. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी करतात आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहतात. थाळी संथ गुणगुणते आणि त्यावर रात्रभर कथा चालते. लहान मुलाला थाळी देऊन पाहा. काडीतून आवाज निघतोच कसा, या आश्चर्यातून ते लवकर बाहेर येत नाही.

दुसरे अंग पेटीचे. फ्रेंच जेझुइट आमियो बीजिंगमध्ये राहत असे. त्याने १७७७ मध्ये शंग पॅरिसला पाठवला. त्याच सुमारास क्रात्झेन्श्टाइन हा शास्त्रज्ञ आरपार झुलणाऱ्या जिभांवर प्रयोग करत होता. युरोपातल्या वाद्यांनी शंगची थेट नक्कल केली की नुसते तत्त्व उचलले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आशियात शतकानुशतके वाजत असलेली ही जीभ त्यानंतर युरोपभर पसरली, हे खरे. १८२९ मध्ये व्हिएन्नात अकॉर्डियन आले, १८४२ मध्ये पॅरिसच्या दबँने हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवायची पेटी घडवली. महाराष्ट्रात तिला गोविंदराव टेंब्यांसारखे वादक भेटले, नाटक कंपन्या भेटल्या आणि शेवटी गावोगावची भजनी मंडळे भेटली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत. देवळांनी मात्र कधीच केले नाही. हरिनाम सप्ताहात पेटी वाजते तेव्हा तिच्या आत शंगच्याच तत्त्वावर पितळी जिभा झुलत असतात. मंडळातल्या एखाद्या काकांनी पेटीचे झाकण उघडून त्या जिभा पोरांना दाखवल्या आणि मग शंग ऐकवला, तर यापेक्षा सोपी आणि खरी ओळख मला सुचत नाही.

हळदीच्या रात्री वाजणारा बेंजोसुद्धा पूर्वेकडचाच. जपानमध्ये १९१२ च्या सुमारास नागोयाच्या मोरिता गोरोने टंकयंत्रासारखी बटणे बसवून तायशोगोतो बनवले. त्याचेच आपल्याकडचे रूप बुलबुलतरंग आणि बेंजो. तायशोगोतोच्या नावातला कोतो हे जपानचे तंतुवाद्य, आणि त्याचे मूळ चीनच्या झंग याच नावाच्या तंतुवाद्यात.

खेळकर सादरीकरण चिनी परंपरेला नवे नाही. शीआनच्या तालवाद्यांची ‘बदकांचे भांडण’ ही रचना ऐका. आन झीशुन यांनी ती १९८२ मध्ये बांधली. झांजा कधी कडेवर, कधी मधोमध, कधी दाबून वाजवत दोन बदके अशी भांडतात की हसू आवरत नाही. अरहू या दोन तारांच्या वाद्यात गजाचे केस तारांच्या मधून जातात, गज वेगळा काढताच येत नाही. त्यावरची हुआंग हायहुआय यांची घोड्यांच्या शर्यतीची रचना मुलांना टापा आणि खिंकाळणे ऐकवते. अरहूला अजगराचे कातडे लागते, हेही मुलांना सांगावे. हाँगकाँगच्या चिनी वाद्यवृंदाने त्याऐवजी पॉलिएस्टरचा पडदा बसवून वाद्ये तयार केली आहेत. जंगलाशेजारी राहणारी मुले हा मुद्दा चटकन पकडतात.

आणि एक खेळ असा की ज्याला विकत आणलेले काहीच लागत नाही. जुन्या चीनमध्ये वाद्यांची विभागणी ती कशाची केली यावरून होत असे: धातू, दगड, रेशीम, बांबू, भोपळा, माती, कातडे, लाकूड. आपल्या नाट्यशास्त्राने तत, सुषिर, अवनद्ध, घन असे चार वर्ग केले, आवाज कसा निघतो यावरून. आश्रमशाळेच्या अंगणात आठ रिंगणे आखावीत आणि प्रत्येक घराने काहीतरी आणावे. टाळ धातूत, पावा बांबूत, तारपा भोपळ्यात, ढोल कातड्यात, चिपळ्या लाकडात, माठ मातीत. रेशमाच्या तारा इथे कुठे? मग तुणतुणे त्या रिंगणात ठेवायचे की धातूच्या, यावर भांडण होईल. होऊ द्यावे. दगडाचे रिंगण रिकामे राहील तेव्हा मुले ओढ्यात जातील आणि काळ्या कातळाचा खणखणणारा तुकडा शोधत बसतील. चीनमध्ये टांगलेल्या दगडी पट्ट्यांचे सुरेल संच वाजवले जात, हे तेव्हा सांगावे, आधी सांगू नये. त्यानंतर हीच सगळी वाद्ये नाट्यशास्त्राच्या चार वर्गांत लावायला द्यावी.

हे सगळे करताना एक काळजी मनात आहे. चिनी वाद्यांच्या निमित्ताने घरचे वाद्य पुढे आले तर उत्तमच. पण तारपा करणारे आणि कणसरी या धान्यदेवीच्या कथेला घांगळी हे तंतुवाद्य वाजवणारे हात कमी होत आहेत. अशा कार्यक्रमाला त्यांना नुसते पाहुणे म्हणून बोलवू नये, शिकवणारे म्हणून मानधन देऊन बोलवावे. भोपळा वेलीवरच जून होऊ द्यावा लागतो आणि मग नीट वाळवावा लागतो. म्हणजे तयारी पावसाळ्यातच, बी लावण्यापासून सुरू करायची.

प्रत्यक्ष चिनी वाद्य डोळ्यांनी पाहायचे तर परदेशी जायला नको. माझगावात नवाब टँकजवळ चिनी समाजाचे सी यूप कून हे छोटे देऊळ १९१९ पासून उभे आहे. मुंबईत आता मोजकी चिनी कुटुंबे उरली आहेत, तरी नववर्षाला तिथे पूजा होते आणि सिंहनृत्याच्या वेळी ढोल, गाँग आणि झांजा वाजतात. त्या तालावर सिंहाच्या सोंगातले दोघे उड्या मारतात. बोहाड्यात मुखवटे नाचताना पाहिलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

चिनी नववर्ष अमावास्येला येते. मुरबाड तालुक्यातल्या म्हसाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. २०२७ मध्ये त्या पौर्णिमेनंतर पंधरवड्याने, ६ फेब्रुवारीला चिनी नववर्ष आहे आणि तो शनिवार आहे. यात्रेत बैलांच्या गळ्यातले घुंगूर आणि घंटा पोरांना वाजवून पाहू द्याव्यात, एखादी घेऊनही द्यावी. मग त्या शनिवारी कसाऱ्याहून सकाळची लोकल धरून भायखळ्याला उतरावे. तिथून माझगाव जवळ आहे.