विश्लेषण : शेत गेले, शर्यत का उरली? चाकणचा बैलगाडा आणि मेक्सिकोचे ‘चार्रो’

माणमधील जमिनी आयटी पार्कसाठी गेल्या. भोसरी, चाकण, तळेगावात शेतांच्या जागी कारखाने आले आणि नांगरट ट्रॅक्टरकडे गेली. तरी या पट्ट्यातील अनेक गोठ्यांत आजही खिलार बैल आहेत, ते शर्यतीसाठी. मेक्सिकोतील घोडेस्वार गुराख्यांचेही असेच झाले.

चार्रेरिया म्हणजे काय?
मेक्सिकोतील मोठ्या जहागिऱ्यांवर घोड्यावरून गुरे वळणे, फास टाकून जनावर धरणे हे रोजचे काम होते. १९१० च्या क्रांतीनंतर जहागिऱ्या मोडल्या आणि हे काम आटले. हे कसब जपण्यासाठी ‘चार्रो’ म्हणजे या घोडेस्वारांनी १९२१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापली, १९३३ मध्ये महासंघ उभारला. कामातल्या कसबाचे नियमबद्ध खेळ झाले. २०१६ मध्ये युनेस्कोने चार्रेरियाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

घाटातली शर्यत कशी असते?
पुणे जिल्ह्यात चढाच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात. गाड्याला धुरेची जोडी, तिच्यापुढे जुकाटाची जोडी आणि सर्वांत पुढे घोडीवरचा स्वार. एका वेळी एकच गाडा धावतो, ती त्याची ‘बारी’. निकाल सेकंदांवर लागतो. मे २०२२ मध्ये चिखलीच्या शर्यतीत जेसीबी यंत्र बक्षीस होते.

बंदी कशी उठली?
सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी क्रूरतेच्या कारणावरून शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची आहे. बैलाला इजा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढे काय?
चार्रेरियावरही क्रूरतेचे आक्षेप आहेत. फास टाकून घोडा पाडण्यावर कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये बंदी घातली. तेथील चार्रोंनी घोडा न पाडता डाव चालू ठेवला. बैलगाडामालकांपुढेही हाच मार्ग आहे. शर्यतीची परवानगी अटींवर टिकून आहे आणि चाबूक, काठी वा विजेचा झटका वापरणारा एक गाडा साऱ्या घाटांची परवानगी अडचणीत आणू शकतो. शर्यत थांबली, तर न नांगरणाऱ्या खिलाराला वर्षभर पोसण्याचे कारण मालकाकडे फारसे उरत नाही.