बदलला तो बोलणारा

समाजमाध्यमांनी मतदाराचं डोकं फिरवलं, असं प्रत्येक निवडणुकीनंतर कानावर येतं. पुरावा मात्र या म्हणण्याला फारशी साथ देत नाही. २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात विद्यापीठांतल्या संशोधकांनी मेटाच्या सहकार्याने फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो वापरकर्त्यांवर प्रयोग केले. त्यातल्या एकात काही जणांना अल्गोरिदमने निवडलेल्या पोस्टऐवजी नुसत्या वेळेच्या क्रमाने पोस्ट दाखवल्या गेल्या. तीन महिन्यांनी पाहिलं, तर त्यांच्या मतांत आणि विरोधी पक्षाबद्दलच्या कडवटपणात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा माध्यमांवरचा आरोप फोल ठरला असं अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. परिणाम आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत. वाचणाऱ्याच्या आधी बदलतो तो बोलणारा, म्हणजे पक्ष, प्रवक्ता आणि संपादक. एका माणसाच्या मोबाइलवरचा क्रम बदलला, तरी नेता जे बोलून गेला ते तसंच राहतं.

पोलंडचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. फेसबुकने २०१८ च्या सुरुवातीला आपली क्रमवारी बदलली. ज्या पोस्टवर लोक प्रतिक्रिया देतील, वाद घालतील, जी पुढे पाठवतील, तिला वरचं स्थान मिळू लागलं. त्या काळात रागाच्या इमोजीला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन होतं. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली आणि त्यांत पोलंडमधल्या एका पक्षाच्या समाजमाध्यम चमूचं म्हणणं सापडलं. पूर्वी त्यांच्या निम्म्या पोस्ट सकारात्मक आणि निम्म्या नकारात्मक असत. या बदलानंतर नकारात्मक पोस्टचं प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं, आणि तेही अल्गोरिदममुळे, जाणूनबुजून. इतर देशांतल्या पक्षांनीही अशाच तक्रारी केल्या होत्या. मतदाराने काही मागितलं नव्हतं. विचारसरणी तीच होती, माणसं तीच होती, फक्त शांतपणे मांडलेला मुद्दा कुणापर्यंत पोचेनासा झाला होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. राजकीय भाषा तिखट कधी नव्हती? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ विरोधकांची सालटी काढत होता, आणि त्याआधी टिळक-आगरकरांच्या वादातही कमी वार झाले नव्हते. हे खरंच आहे. पण किती तिखट लिहायचं हे अत्रे ठरवत, आणि त्याची जबाबदारी त्यांच्या नावावर असे. शिवाय त्या तिखटपणामागे मुंबईसह महाराष्ट्र ही एक ठाम मागणी होती. आज किती तिखट बोललं म्हणजे चालेल हे ठरवणाऱ्या क्रमवारीच्या सूत्राला ना नाव आहे ना मागणी. वृत्तवाहिन्यांवरही तेच दिसतं: सकाळी नेत्याच्या दारात त्यांचे बूम लागतात, एका वाक्याचा बाइट निघतो, त्यावर दुपारी दुसऱ्या पक्षाचा बाइट येतो आणि रात्री दोन्ही प्रवक्ते पॅनलवर भांडतात. वाहिनीला हे स्वस्तात पडतं. सोयाबीनच्या भावावर बातमी करायची तर बाजार समितीत बातमीदार पाठवावा लागतो, आकडे तपासावे लागतात. त्यामुळे भावाचा प्रश्न चर्चेत आलाच, तर कोण कोणाला काय म्हणालं या रूपात येतो.

म्हणूनच नुसत्या खोट्या मजकुरावर बंदी घालून हे सुटणार नाही. अशा बाइटमधलं प्रत्येक वाक्य खरंही असू शकतं. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा भर मजकूर हटवण्यावर आणि संदेश मुळात कुणी पाठवला हे शोधण्यावर आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मात्र क्रमवारीलाच हात घातला: पोस्ट कोणत्या निकषांवर वर येतात हे मोठ्या कंपन्यांनी सांगायचं आणि वापरकर्त्याची वैयक्तिक माहिती न वापरणारा एक पर्यायही द्यायचा. हे निकष मराठी मतदाराला आणि मराठी पक्षांनाही कळले पाहिजेत, कारण आपले प्रवक्ते रोज त्यांच्याच मापाने बोलायला शिकत आहेत.