बळाची रोजकीर्द

महाराष्ट्रात व्यायामाच्या परंपरेची वाण कधीच नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला प्रतिष्ठा मिळवून दिली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्यच मानले. आणि बडोद्याच्या द. चिं. करंदीकर मुजुमदारांनी तर व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. एवढा वारसा पाठीशी असूनही चाळिशी ओलांडलेला एखादा नोकरदार गृहस्थ घरच्या घरी शक्ती कमावण्याचा निश्चय करतो, पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात पन्नास बैठका मारतो, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार शोधतो आणि पंधरवडा उलटण्यापूर्वी तो नाद सोडून देतो, याचे कारण त्याच्या आळसात शोधण्यात अर्थ नाही. त्याच्यापाशी इच्छा असते, चटईपुरती जागाही असते. नसते ती योजना.

तालमीत ती योजना वस्तादाच्या नजरेत असे. कोणत्या पठ्ठ्याचे जोर आज वाढवावयाचे आणि कोणाला विसावा द्यावयाचा, हे तो त्याच्या चालण्या-बोलण्यावरून ओळखी. घरात वस्ताद नसल्यामुळे त्याची कामगिरी एखाद्या साध्या वहीकडे सोपवावी लागते, आणि माझ्या मते घरगुती व्यायामाच्या साऱ्या सरंजामात या वहीइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही.

हे माझ्या कारकुनी स्वभावाचे कौतुक नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात टॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होता. दुखापतीने वाळलेल्या मांड्यांना हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करावयास लावण्याचा तत्कालीन प्रघात त्याने बाजूस सारला आणि पायाला लोखंडी जोडा बांधून, रुग्णास कसेबसे दहा वेळा उचलता येईल एवढे वजन ठरवून, ते आठवड्यागणिक वाढवीत नेले. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली; पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर तिला आटोपशीर रूप देताना त्या वजनाच्या निम्म्याने दहा, पाऊणपटीने दहा आणि पूर्ण वजनाने दहा, अशा तीन आवर्तनांवर त्याने समाधान मानले. संख्या वाढवीत नेली की दम वाढतो, भार वाढवीत नेला की बळ वाढते, हा त्याचा मुख्य सिद्धांत. हजार बैठकांचा आपल्याकडे जो अभिमान आहे, त्याला या ठिकाणी थोडी मुरड घालावी लागते.

आता घरातली व्यवस्था. बैठक, जोर, कमरेतून वाकून ओझे उचलणे, ते डोक्यावर नेणे आणि ओझे स्वतःकडे ओढणे, एवढ्या पाच क्रियांत बहुतेक सर्व मोठे स्नायू येतात. यांपैकी ओढण्याची क्रिया आपण हटकून विसरतो, कारण जोर-बैठकांत ती नाही. पूर्वी पोहऱ्याने पाणी शेंदताना ती आपोआप घडे. नळ आला आणि पाठीचे ते काम सुटले.

भारासाठी बाजारात धावण्याची निकड नाही. गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन प्रत्येक घरात सापडतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, असा सरळ हिशेब असल्यामुळे मापाने भार वाढविता येतो. मात्र अर्धवट भरलेल्या कॅनमधले पाणी हिंदकळते आणि मनगट भलतीकडे वळते. म्हणून कोरडी वाळू भरून ताजव्यावर तोलणे अधिक बरे, शिवाय ती पाण्याच्या सुमारे दीडपट जड. डावा हात खुर्चीवर टेकावा, पाठ सपाट ठेवून वाकावे, उजव्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढावा आणि सावकाश खाली न्यावा. मग बाजू बदलावी. श्वास कोंडू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्याने. हृदयविकार, अंतर्गळ किंवा गर्भारपण असेल तर प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस खाडा, प्रत्येक क्रियेची तीन आवर्तने आणि दोन आवर्तनांमध्ये दोनेक मिनिटांची विश्रांती. वहीत ‘सोमवार, ओढणे, सहा किलो, १०-९-८’ एवढेच लिहावे. तिन्ही आवर्तनांत बारा बारा लागोपाठ दोन खेपांस जमले की अर्धा किंवा एक किलो चढवावा आणि पुन्हा आठापासून आरंभ करावा. अंग अगदी मोडेपर्यंत रेटू नये. आणखी दोन वेळा जमले असते असे वाटत असतानाच थांबावे. पहिल्या काही आठवड्यांत आकडे झपाट्याने चढतात आणि दंडाचा घेर मात्र तसूभरही वाढत नाही, याने कोणी हिरमुसू नये, कारण आरंभीची प्रगती मुख्यतः मज्जासंस्थेची असते: असलेले स्नायू अधिक संख्येने व अधिक एकजुटीने कामाला लावण्यास ती शिकते. मांसाची भर मागाहून पडते. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस राहणारा ठणका साहजिक आहे. सांध्यात उठणारी तीव्र कळ मात्र नव्हे, तिथे ती क्रिया तूर्त तहकूब करावी.

उतारवयात हे सारे व्यर्थ, असा आपल्या घराघरांतून रूढ असलेला समज मात्र साफ खोटा आहे. १९९० साली बोस्टनच्या एका शुश्रूषागृहातील शहाऐंशी ते शहाण्णव वर्षांच्या दहा दुर्बल वृद्धांनी आठ आठवड्यांच्या भारव्यायामात भाग घेतला, आणि ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची शिफारस करते; पासष्टीनंतर तोल आणि बळ या दोहोंसाठी तीन दिवस. डॉक्टरांच्या अनुमतीने आजी-आजोबांनी कॅनला हात न लावता खुर्चीपासून सुरुवात करावी: खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावर दोन गोधड्यांच्या घड्या ठेवाव्यात, हाताचा आधार न घेता उठावे, हळूहळू बसावे, आणि असे दहा वेळा सहज होऊ लागले की एक गोधडी काढून घेऊन वहीत तशी नोंद करावी.