राजीची लढाई, आमच्या लेकीची पाळी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही साकोली तालुक्यातील एकोडीला नातलगांकडे गेलो होतो. दुपारी घरची मुले संगणकाभोवती जमलेली. खेळ होता ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने तो २०२० साली आणला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही.

सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. मुले एकमेकांना युक्त्या सांगत होती. “घाई करू नोको, त्याचा हात उठू दे, मग बाजूला हो अन् मार.” दूरच्याला धनुष्य, जवळच्याला त्रिशूळ. चोहीकडून घेरले तर भिंतीवर धावत जाऊन किंवा खांबाला गिरकी घेऊन घाव घालायचा.

आठवीतली लेक मात्र तांदूळ निवडता निवडता दारातूनच पाहत होती. लढणारी मुलगी, खेळणारे सगळे मुलगे! आम्ही म्हटले, “आता हिला बसू द्या.” पाच वेळा ती हरली. सहाव्यांदा शत्रूचा वार चुकवून जिंकली. भाऊच टाळ्या पिटू लागले.

आईबापांनो, अभ्यास आधी आणि खेळाला वेळ ठरलेली असावी, हे खरेच. पण मुलाला अर्धा तास दिलात, तर मुलीलाही अर्धा तास द्या. आणि तांदूळ दोघांनी मिळून निवडावेत.