मोजून झाल्यावर पुढे काय?

परीक्षेत पहिला आलेला मुलगा सायकलची उतरलेली चेन बसवताना घामाघूम झाला, की आपण 'पुस्तकी किडा' म्हणून हसतो. दोष मात्र एकट्या त्याचा नसतो. शिकलेले कुणाच्या उपयोगी पडते का, हे पाहण्याची संधी आपण त्याला दिलेलीच नसते.

आमच्या सातारा-सांगली भागाला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत आणि कामेही स्वतःच्या हातांनी करीत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र पदवीपर्यंत पोचला. खेड्यातून आलेल्या त्या मुलांना कष्टांचा 'अनुभव' घ्यायला कुठे जावे लागत नव्हते!

पुढे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक निवासी शिबिर, असा तिचा नेम.

पण तास भरले म्हणजे शिक्षण झाले का? मी राहतो कुपवाडला. इकडे औद्योगिक वसाहतीतले कारखाने, तिकडे वाढत्या वस्त्या. मध्यंतरी काही विद्यार्थी वह्या घेऊन आमच्या गल्लीत आले. घरात माणसे किती, नळाला पाणी किती वेळ, सगळे त्यांनी टिपून घेतले. शेजारच्या आजींनी चहा दिला आणि विचारले, "बाळांनो, मोजून झालं की आम्हाला सांगायला याल ना?" मुले एकमेकांकडे पाहू लागली.

माझ्या मते या साऱ्या शिक्षणाची खरी परीक्षा त्या प्रश्नात आहे. टिपलेले आकडे कॉलेजच्या कपाटात गेले, तर मुलांना गुण मिळतात, गल्लीला काहीच नाही. तेच आकडे फळ्यावर मांडून, हिशेब करून मुले परत आली, तर आजीच म्हणतील, "अरे, उन्हाळ्यात कुठलं एवढं पाणी?" ही दुरुस्ती कुठल्या पुस्तकात सापडणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजात जाऊन केलेल्या कामाला पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांकांसह जागा देऊ केली आहे. उत्तम झाले! तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुले घरी आली की गुण जरूर विचारा, पण फराळाची बशी पुढे करताना एवढेही विचारा, "ज्यांच्या दारी गेला होतास, त्यांना परत जाऊन सांगितलंस का?"